निलांबरीच्या वरच्या डेकवरच्या गाइड दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून नुसतं दादा म्हणते. जानेवारी २०२३ मधला शनिवार होता, गेटवेवरून संध्याकाळी सुटणारी निलांबरी, ती ओपन डेकची डबलडेकर, आणि तुमच्या लक्षात असेल तर वर पुढून दुसऱ्या सीटवर पांढरी टोपी घातलेले एक काका बसले होते, ज्यांना दिसत नाही. ते माझे बाबा. मी त्यांच्या शेजारी होते, निळ्या स्वेटरमधली. त्या दिवशी उतरताना गर्दीत तुम्हाला नुसतं थँक्यू म्हणून निघालो आणि ते मला तेव्हापासून टोचतंय, एवढ्या कामाला तेवढं पुरेसं नव्हतं. म्हणून हे पत्र. उशीर झालाय खूप, पण लिहायचंच होतं.

आधी बाबांबद्दल सांगते कारण तुम्हाला त्यांनी अर्धंच सांगितलं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, २८ वर्षं. त्यातली बरीच वर्षं बार्शी-मुंबई रातराणी त्यांच्याकडे असायची. रात्रभर गाडी चालवायची, पहाटे परळ डेपोला लावायची, रेस्टरूममध्ये पाठ टेकायची, दुपारी घरनं आणलेली भाकरी खायची आणि संध्याकाळी परत बार्शी. शेकडो वेळा मुंबईला गेले असतील पण मुंबई म्हणून त्यांनी पाहिलं काय तर सायन, दादर टीटी आणि परळचा डेपो. आई म्हणायची अहो एकदा तरी गेटवे बघून या, तर म्हणायचे झोप झाली नाही तर रात्री घाटात गाडी कशी चालवू, मागे पन्नास माणसं झोपलेली असतात. रिटायर झाल्यावर निवांत बघू. आणि रिटायर झाल्यावर काचबिंदू निघाला. त्यात दुखत नाही काही नाही, आधी बाजूचं दिसायचं कमी होतं, माणसाला कळतच नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. आमच्याकडे कळेपर्यंत खूप उशीर झाला होता. (हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, चाळिशीनंतर डोळ्यातलं प्रेशर तपासून घ्या, घरात कोणाला असेल तर नक्कीच घ्या.)

तर अशा माणसाला मुंबई दर्शनाला कशाला आणलं असं लाइनीत आमच्या मागचे एकजण बोललेच, त्यांना खालीच बसवा ना, वरची सीट बघणाऱ्याला मिळू दे, त्यांना काय फरक पडतो. ते वाईट मनाने बोलले असं नाही, पण बाबांनी ऐकलं आणि मला हळूच म्हणाले चल, खालीच बसू. तेव्हा तुम्ही तिकिटं बघत आलात आणि एकच वाक्य बोललात, "काका वर बसतील, वारा वरच लागतो." दादा, ते वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरतात.

तो जिना किती अरुंद होता, तुम्ही पुढे उलटे चढत होतात आणि बाबांचा हात दांडीवर ठेवून एकेक पायरी मोजत होतात, शेवटच्या पायरीला म्हणालात आता वळण. बाबा लगेच म्हणाले कुठल्या साइडला? आणि तुम्ही क्षणभर थांबून विचारलंत, काका गाडीवर होता का? बस्स, तिथून पुढचा सगळा तास बदलला. तुम्ही माईकवर सगळ्यांना सांगायचात, मग माईक खाली करून बाबांसाठी वेगळं सांगायचात, डावीकडे उजवीकडे नाही तर ड्रायव्हर साइड आणि कंडक्टर साइड. हे मला कधी सुचलं नसतं. मी घरी त्यांना हात धरून धरून फिरवते पण त्यांच्या डोक्यात दिशा कशा आहेत हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आणि ते उंचीचं! गेटवे २६ मीटर उंच आहे असं माईकवर सांगून झाल्यावर तुम्ही वाकून विचारलंत, काका एसटीची उंची किती हो? बाबा म्हणाले सव्वातीन मीटर धरा. मग तुम्ही म्हणालात आठ एसट्या एकावर एक उभ्या करा, तेवढा गेटवे. बाबांनी मान वर केली. खरंच वर केली दादा, जिथे आठवी एसटी संपेल तिथे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज राजा आला त्याची आठवण म्हणून बांधायचं ठरलं, पण पूर्ण व्हायला १९२४ उजाडलं, म्हणजे राजा आला तेव्हा ही कमान नव्हतीच, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बोटीत चढून गेली, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा बाबा म्हणाले, म्हणजे बांधली यायला आणि उपयोगी पडली जायला. मागच्या लाइनीतले ते गृहस्थ पण मोठ्याने हसले. त्यानंतर ते पण बाबांना अधूनमधून काय काय सांगायला लागले.

मंत्रालय, विधानभवन तिथे काही विशेष नाही, बाबांना त्यात रस नव्हता. पण मरीन ड्राइव्हला बस वळली ना, तुम्ही काहीच बोलला नाहीत. माईक बंदच ठेवलात. वारा आला एकदम खारट, कंडक्टर साइडने समुद्राचा आवाज, टोपी उडायला लागली म्हणून बाबांनी काढून मांडीवर घेतली आणि नुसते बसून राहिले. किती वेळाने तुम्ही म्हणालात, काका हा रस्ता सुमारे ३.६ किलोमीटर, बारा मीटरची गाडी धरली तर तीनशे एसट्या एकामागे एक. बाबा म्हणाले, आमच्या डेपोत एवढ्या गाड्या कधी नव्हत्याच. मला बाजूला तो दिव्यांचा हार दिसत होता, क्वीन्स नेकलेस म्हणतात तो, खूप सुंदर दिसतो, पण खरं सांगते त्या दिवशी मी दिव्यांकडे कमी आणि बाबांच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होते.

चर्चगेटकडे मेट्रोच्या कामामुळे बस मुंगीच्या पावलाने चाललेली. बाबा ब्रेकवरून ओळखत होते, म्हणाले ड्रायव्हरचा पाय हलका आहे, उभ्या माणसाला पण झटका बसणार नाही असा दाबतो. हे तुम्ही खाली जाऊन ड्रायव्हर साहेबांना सांगितलंत का माहीत नाही, नसेल तर आता सांगा, बाबा कोणाच्याही ड्रायव्हिंगला चांगलं म्हणत नाहीत.

ओव्हल मैदानापाशी तुम्ही जे केलंत त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. माईकवर तुम्ही सांगितलंत की मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, सगळ्या गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, ही दोन्ही मिळून २०१८ ला युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. आता गॉथिक आणि आर्ट डेको हे मला पण नीट कळत नाही, बाबांना काय कळणार. तुम्ही बाबांचा तळहात उघडलात आणि त्यावर बोटाने टोकदार कमान काढलीत, दोन्हीकडून वर जाऊन टोकाला मिळणारी, म्हणालात हे गॉथिक. मग दुसऱ्या तळहातावर गोलाईने वळणारी बाल्कनी काढलीत, एकाखाली एक तीन, म्हणालात हे आर्ट डेको, आणि दोन हातांच्या मधे ओव्हल. बाबा दोन्ही हात तसेच उघडे ठेवून बसले होते, सिग्नल सुटेपर्यंत.

मग राजाबाई टॉवर. ८५ मीटर, म्हणजे २६ एसट्या. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने पैसे दिले आणि अट घातली की नाव आईचं द्यायचं. १८७८ ला पूर्ण झाला. पुढची गोष्ट सांगताना तुम्ही जरा अडखळलात ते मला कळलं, सांगू की नको असं झालं असेल तुम्हाला. पण सांगितलीत, बरं झालं सांगितलीत. की राजाबाईंना दिसत नव्हतं म्हणतात, त्या जैन, सूर्यास्ताच्या आत जेवायचं, तर घंटेच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळायची, कोणाला विचारावं लागायचं नाही. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, विचारावं लागायचं नाही हे महत्त्वाचं.

दादा, त्या वाक्याने माझ्या पोटात खड्डा पडला. बाबा दिवसातून दहा वेळा किती वाजले विचारायचे आणि मी कामात असले की कधीकधी चिडून उत्तर द्यायचे. पुण्याला परत आल्यावर पहिलं काम मी तेच केलं, ठोक्यांचं भिंतीवरचं घड्याळ आणून त्यांच्या खोलीत लावलं.

सीएसएमटीला बाबांना आवाज खूप आवडला, एवढी माणसं एकत्र चालल्याचा आवाज. स्टीव्हन्स साहेबाने बांधायला दहा वर्षं घेतली, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ, हे सगळं तुम्ही सांगत होतात, पण बाबांनी नेमकं पकडलं ते १६ एप्रिल १८५३ चं, बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० माणसं आणि तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. बाबा ती नावं अजून म्हणतात, माझ्या मुलाला शिकवलीत.

हुतात्मा चौकात तुमचा आवाज बदलला होता. १८६४ चं फ्लोरा फाउंटन तुम्ही एका वाक्यात सांगितलंत आणि मग २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार, मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी, १ मे १९६०. बाबांनी टोपी पुन्हा काढली. म्हणाले आमच्या एसटीच्या नावात आधी महाराष्ट्र नव्हता, बॉम्बे स्टेट होतं, तो शब्द आला तो या माणसांमुळे. तुम्ही ते माईकवर सगळ्यांना सांगितलंत, "आपल्याबरोबर एसटीचे एक ड्रायव्हर काका आहेत, ते काय म्हणतात ऐका." वरच्या डेकवर कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. २८ वर्षांत बाबांसाठी टाळ्या वाजल्याचं मला तरी आठवत नाही.

उतरल्यावर तुम्ही टॅक्सीवाल्याला थांबवून सांगितलंत की यांना ओव्हलच्या कडेला सोड, साडेआठचे ठोके ऐकू दे, बसमधून हॉर्नमुळे ऐकू आले नाहीत. तुमची पुढची फेरी भरत होती, लोक हाका मारत होते, तरी तुम्ही रस्ता ओलांडून आलात. आम्ही रेलिंगला उभे राहिलो. टॅक्सीवाला पण थांबला, मीटर बंद करून. ठोके पडले तेव्हा बाबांनी माझा हात दाबला आणि बरोब्बर त्या दिशेला तोंड केलं, मी काही सांगितलं नव्हतं.

नंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये बातमी वाचली की ओपन डेकच्या गाड्या वय झालं म्हणून बंद झाल्या. मी बाबांना दोन दिवस सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, त्या गाइडला कुठे टाकलं? मला माहीत नव्हतं, अजून नाही. आता एसीच्या डबलडेकर आल्यात, छान आहेत, पण काचा बंद, वारा नाही. तुम्ही जिथे असाल तिथे माईक तुमच्याच हातात असू दे.

बाबा आता परत बार्शीला असतात, तब्येत ठीक आहे. संध्याकाळी कट्ट्यावर मंडळींना मुंबई सांगतात, गेटवेपासून सुरू करून, ड्रायव्हर साइड, कंडक्टर साइड, आठ एसट्या, सव्वीस एसट्या, आणि कोणी म्हणालं की तात्या तुम्हाला कसं दिसलं, तर तळहात उघडून दाखवतात.

त्यांनी निरोप द्यायला सांगितलाय तो त्यांच्याच शब्दांत लिहिते. "त्याला म्हणावं हुरड्याला ये. स्टँडवर उतर, मी न्यायला येतो. भगवंताचं देऊळ, बाजार, आमचा डेपो, सगळं मी दाखवतो, कोणाला बरोबर घ्यायची गरज नाही, गाव माझ्या पायाखालचं आहे."

या दादा. जानेवारीत हुरडा चांगला असतो.

तुमची,
निळ्या स्वेटरवाली