शोधनिबंधातला ‘मी’ गेला कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात पीएचडीतल्या कॉपीबद्दल वाचलं म्हणून लिहितोय. मी प्राध्यापक वगैरे नाही, कॉलेजसमोर डीटीपी-बायंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. न वाचता टाइप करता येतं म्हणा, पण डोळे कुठे ऐकतात.

प्रबंधांची पहिली ओळ आता बोटांना पाठ आहे, अमुक गोष्टीचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. विषय ऊस असो नाहीतर संत तुकाराम, महत्त्व अनन्यसाधारणच. पूर्वी हे श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचं आणि ते कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचताच येत नाही, त्याला आत इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, त्यामुळे सगळं खपून जायचं. युनिकोड आलं, म्हणजे मराठी अक्षरं कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता यायला लागली, आणि पंचाईत झाली. त्यात २०१८ ला यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम आला, प्रबंधात दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. नियम बरोबर आहे, पण त्याने झालं काय, तर पोरं माझ्याकडे येऊन टक्के खाली आणायला सांगतात. मग शेतकऱ्याचा कृषक होतो, पावसाची पर्जन्यवृष्टी होते, बाजाराचं विपणनस्थळ. टक्के उतरतात, विचार मात्र होता तिथेच, दुसऱ्याच्या घरात. आणि आता तर एआयकडून आणतात, सगळं गुळगुळीत, कुणी लिहिलं तेच कळत नाही.

मागे एक मुलगी आली होती, तालुक्याच्या आठवडी बाजारावर तिचा शोधनिबंध. प्रिंटर अडकला होता म्हणून बसली आणि सांगायला लागली, काका, भाजीवाल्या मावशी वाटे लावतात ना, पाच वाजल्यानंतर बघा, वाट्याचा भाव तोच राहतो पण वाटा मोठा होतो, दोन वांगी जास्त, मेथीची एक जुडी वरून. का विचारलं तर म्हणाल्या भाव पाडला की पुढच्या बाजारी गिऱ्हाईक सकाळपासूनच तो भाव मागतं, दोन वांगी वर टाकली तर ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मी टायपिंग थांबवून ऐकत होतो. चार महिने दर मंगळवारी जाऊन ती पोरगी गोणपाटावर बसली होती. म्हटलं हे निबंधात कुठे आहे? म्हणाली नाहीये, याला संदर्भ कुठून देऊ, कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

अहो पुस्तकात नाही म्हणूनच तर ते संशोधन ना! दुसऱ्यांची अकरा पानं आणि तिचा स्वतःचा मुद्दा दुकानाच्या स्टुलावर.

बरं, ‘मी’ लिहिलं की शास्त्र बाटतं असं गाईड लोक सांगतात, तेही काही खरं नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या, त्यावर लिहिलं, ते इंग्रजीत १९६२ ला अमेरिकेतल्या जर्नल ऑफ एशियन स्टडीज मध्ये छापून आलं, त्यात सरळ ‘मी’ आहे. दिंड्या जातवार वेगळ्या चालतात, जेवतात वेगळ्या, हे बघून बाईंना काय वाटलं तेही लपवलेलं नाही. ‘मी’ मुळे उलट कळतं की बघणारं माणूस कोण, कुठे उभं होतं.

तर त्या मुलीला म्हटलं तू मघाशी सांगितलंस तसंच परत सांग, मी टाइप करतो. दीड पान झालं. मावशींचं बोलणं अवतरणात, तारीख-वार सगळं तिच्या वहीतून. तेच पुढे आणलं आणि पुस्तकातलं फक्त जिथे याला धरून किंवा याच्या उलट जातं तेवढंच ठेवलं, अकरा पानांची चार झाली.

गाईडने वाट्याचा मुद्दा ठेवला, चांगला आहे म्हणाले. फक्त सगळीकडे ‘मी’ काढून ‘संशोधिका’ करायला लावलं. घाईत मी फाइंड-रिप्लेस मारलं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तिचा फोन, काका, पान तीनवर ‘हसंशोधिकाभाव’ म्हणजे काय हो? हमीभाव होता तो. ‘कमी’ चं काय झालं असेल ते तुम्हीच बघा, रात्री एक वाजेपर्यंत शोधत बसलो होतो.

आपला,
एक डीटीपीवाला