बोकडाच्या पैशातून काय घेतलं

सांगली

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ३,५०० रुपये पोचले. आई, बोकड विकल्याचं तू फोनवर बोलली नाहीस, धाकट्यानं सांगितलं. म्हणून रुपया कुठं गेला ते सगळं लिहिते.

शनिवारी आयटीआय सुटल्यावर गणपती पेठेत गेले. दुकानदारानं चाळीस वस्तूंची पेटी काढली, १,२०० ला. दिसायला झकास. पण त्यातली पक्कड उघडली-मिटली की खुळखुळायची. मिटून उजेडाकडं धरली तर तार तोडायच्या धारेत फट दिसली. अशी पक्कड तार तोडत नाही, नुसती चेंगरते. पेटी परत दिली. टापारिया कंपनीची आठ इंची पक्कड, कटर, दोन स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायचा स्ट्रिपर आणि टेस्टर सुटं घेतलं. हजारात बसलं. हातोडी आपल्या घरचीच आणीन.

१,९०० रुपये मात्र एकट्या क्लॅम्प मीटरला, म्हणजे वीज मोजायच्या चिमट्याच्या यंत्राला, गेले. एवढ्याशा यंत्राला एवढे पैसे का, ते बाबांना लगेच कळेल.

गेल्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळली ते आठवा. मोटर नुसती घुमत होती, फिरत नव्हती. तुम्ही स्टार्टरमध्ये टेस्टर लावला, तिन्हीकडं पेटला. म्हणजे लाईट बरोबर आहे असं धरून तुम्ही परत परत हिरवं बटण दाबलंत. डाळिंबाचे पैसे रिवाइंडिंगला, म्हणजे मोटरच्या आतली जळालेली तार नव्यानं गुंडाळायला, गेले आणि तुम्ही कितीतरी दिवस स्वतःलाच बोल लावत होता. बाबा, चूक तुमची नव्हती. मोटरला येणाऱ्या तीन फेजपैकी, म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी, एक फेज गेला असला तरी उरलेल्या दोन फेजची वीज मोटरच्या वाइंडिंगमधून (आत गुंडाळलेल्या तारेतून) फिरून तिसऱ्या टोकावर येते. टेस्टरचा दिवा तेवढ्यावरही पेटतो. व्होल्टेज किती आहे हे तो सांगू शकत नाही. मीटर दोन-दोन फेजमध्ये धरला असता तर एका जोडीत ४०० च्या आसपास आणि बाकी दोन्हींत जेमतेम २०० दिसले असते, आणि बटण तिथंच सोडलं असतं. वर्गात सरांनी हे फळ्यावर काढलं तेव्हा मला आपली विहीर दिसत होती.

दोनशे रुपयांचा मीटरही मिळतो. सेल तपासायला तो ठीक आहे, पण स्टार्टरच्या पेटीत घालायला नको. त्याच्या वायरी पातळ, आतला फ्यूज साधा काचेचा. आत शॉर्ट झालं तर तो हातातच फुटू शकतो. म्हणून कॅट ३, ६०० व्होल्ट असा सुरक्षिततेचा शिक्का बघूनच घेतला. शिवाय वायर न तोडता नुसती चिमट्यात धरली की मोटर किती अँपिअर खाते ते कळतं. मला काम शिकवणाऱ्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी सांगितलं, आधी चालू सॉकेटवर मीटर बघायचा, मग बंद केलेल्या लाईनवर, मग परत चालू सॉकेटवर. बंद लाईनवर शून्य आलं म्हणजे लाईन मेली असेल किंवा मीटर मेला असेल. मी रोज तसंच करते. आई, तू काळजी करू नकोस.

मेगर घेतला नाही, तो महाग आहे. जुन्या वायरिंगचं इन्सुलेशन तपासायला तो ५०० व्होल्ट सोडतो, माझ्या मीटरला ते जमत नाही. लागला तर मिस्त्रींचा आहेच. उरलेल्या ६०० रुपयांत रबरी तळाचे बूट घेणार आहे, मिस्त्री चपलेवर शिडीला हात लावू देत नाहीत.

दिवाळीला मीटर घेऊन येते. तोवर बाबा, स्टार्टरची पेटी उघडू नका. मोटर घुमली आणि फिरली नाही तर लगेच लाल बटण दाबा, मेन स्विच पाडा आणि मला फोन करा. आणि एक काम करा. मेन बंद असताना मोटरवरची पत्र्याची पाटी ओल्या फडक्यानं पुसा, सुकू द्या, आणि अँपिअरपुढं जो आकडा आहे तो धाकट्याकडून कागदावर लिहून ठेवा, आल्यावर मीटरचा आकडा त्याच्याशी ताडून बघीन.

तुमची लेक