लोहगडाबरोबर मळवलीचाही फलक हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी लोणावळ्याजवळच्या मळवली स्थानकावर पुण्याकडे येणाऱ्या लोकलची वाट पाहत असताना, लोहगड उतरून आलेल्या मुलांपैकी एकाने मला विचारले, "काका, हे स्टेशन गडावर येणाऱ्यांसाठीच बांधलंय का?" मला हसू आले, पण त्या मुलाला दोष देता येत नाही. कोणत्याही स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाचे नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची एवढेच लिहिलेले असते. त्या गावात रेल्वे का आली आणि कोणाच्या उपयोगी पडली, हे पाटी सांगत नाही. त्यातून सुटीच्या दिवशी आलेल्या माणसाला फलाटावर पाठीवर पिशव्या अडकवलेली मंडळीच दिसणार.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यांत लोहगडाचा समावेश झाला. गडाकडे जाणाऱ्यांची वर्दळ त्यामुळे वाढणार, आणि मळवलीला गडाची माहिती देणारे फलक आज ना उद्या लागणार, हे उघड आहे. ते जरूर लागावेत. माझे म्हणणे एवढेच आहे की त्यांच्या शेजारी खुद्द रेल्वेचा इतिहास सांगणारा एक मराठी फलक असावा, कारण तो इतिहासही वारशाहून कमी प्रतीचा नाही.

मळवलीवरून जाणारा खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. यातली गंमत अशी की बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे मधली जवळजवळ पाच वर्षे घाटाखाली एक रेल्वे आणि घाटावर दुसरी, असा प्रकार होता. मुंबईहून निघालेला प्रवासी खोपोलीला उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरी. घाटाच्या कामावर हजारो मजूर खपले आणि त्यांतले कितीतरी पटकी-तापाने गेले. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराचा काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ मध्ये, मृत्यू झाला आणि त्यांची पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट पुढे नेले. मावळातील किती शाळकरी मुलींना हे नाव ठाऊक असेल?

पुढे या मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि १९३० मध्ये दख्खनची राणी सुरू झाली. ती मळवलीला थांबत नाही. फलाटावरच्या माणसाने वाऱ्याने उडणारे उपरणे सावरायचे आणि राणीला जाऊ द्यायचे, ही रीत जुनीच आहे. गावांच्या दृष्टीने मोठा बदल १९७८ मध्ये झाला, तो पुणे–लोणावळा लोकलमुळे. कामशेत, कान्हे, घोरावाडी, बेगडेवाडी ही नावे पुणेकरांच्या तोंडी रुळली, ती या लोकलने.

मी स्वतः या मार्गावर बरीच वर्षे पास काढून प्रवास केला आहे. सकाळच्या लोकलमध्ये मालडब्यात दुधाच्या किटल्या एकमेकींना खेटून उभ्या असत. गाडीला धक्का बसला की झाकणांचा खणखणाट होई, आणि गवळीदादा गप्पांचा धागा न सोडता गुडघ्याने किटली दाबून धरत. त्यांच्यामागे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे कामगार, मग महाविद्यालयाची मुले, आणि भातकापणी झाली की इंद्रायणी तांदळाची पिशवी पुण्यातल्या लेकीकडे पोचवायला निघालेली एखादी आजी. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला येणाऱ्या कोळी-आगरी भाविकांची भर पडे, ती निराळीच.

मळवलीजवळूनच द्रुतगती मार्ग जातो. स्थानकातून भाजे गावाकडे पायी निघालात, तर तो पुलावरून ओलांडावा लागतो. त्यावरून रात्रंदिवस गाड्या सुसाट जातात, पण भाजे-पाटणच्या माणसाला तिथे हात करून कोणतीही गाडी थांबवता येत नाही. गावाच्या दारात थांबते ती लोकलच. म्हणून स्थानकाचा विचार करताना रविवारची गर्दी मोजून भागणार नाही. दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल विरळ असतात. रुळांच्या आणि तारांच्या देखभालीला मोकळा वेळ लागतो, हे कोणताही समंजस प्रवासी मान्य करील. परंतु सकाळचे वर्ग आटोपून निघालेल्या मुलीला घरी पोचायला तिसरा प्रहर उजाडू नये, इतकी सोय वेळापत्रकात बसवणे अशक्य नसावे. त्याच्या जोडीला बसायला सावली, प्यायला पाणी, बायकांना वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि गाडी उशिरा असल्यास तसे सांगणारी मराठी उद्घोषणा, या गोष्टी रंगरंगोटीच्या आधी याव्यात. पर्यटकालाही त्या हव्याच असतात. तो फक्त आठवड्यातून एकदा मागतो, गावकरी रोज मागतो.

फलकाचा मजकूर लिहिताना स्थानक केव्हा सुरू झाले, येथून काय माल जात असे, हे रेल्वेच्या दप्तरातून काढून घ्यावे आणि स्थानिक शाळांतील शिक्षकांना सोबत घेऊन साध्या मराठीत मांडावे. भाजे आणि कार्ले येथील लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी दान देणाऱ्यांनी आपली नावे दगडात कोरून ठेवली आहेत. रुळांखालची खडी पसरणाऱ्यांचे निदान गाव तरी कोठे लिहिलेले असावे. एक विनंती मात्र आवर्जून करतो. मे महिन्यात स्थानकाबाहेर करवंदांच्या आणि जांभळांच्या पाट्या घेऊन बायका बसतात. फलक उभारताना त्यांची सावलीची जागा तेवढी सोडून उभारावा.

आपला,
एक जुना पासधारक, चिंचवड, पुणे