दादा, शेवटी जुनी डिझेल पिकअप घेतली

डेन्व्हर, कोलोरॅडो

तीर्थरूप दादास सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस की वडापावच्या ट्रेलरला एवढं धूड कशाला लागतं, आणि तेवढ्यात लाइन कट झाली, म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतो. आबांनाही वाचून दाखव, फक्त किमतीचा आकडा आला की गाळ, नाहीतर ते लगेच रुपयांत गुणतील आणि म्हणतील एवढ्यात दुसरी विहीर झाली असती.

आधी ट्रेलर काट्यावर नेला. इथं ट्रकवाल्यांच्या पंपावर काटा असतो, पैसे भरायचे आणि पावती घ्यायची, आपल्या कारखान्यावर उसाची गाडी लावतो तसंच, फक्त नंबर लावून रात्र काढायला लागत नाही. मित्राच्या गाडीला जोडून नेला होता, फ्रायर, जनरेटर, पाण्याच्या टाक्या सगळं भरून. भरला 7640 पौंड, म्हणजे आपल्या हिशोबात साडेतीन टनाला थोडा कमी. आणि मला वाटत होतं दोन टन असेल!

बरं साडेतीन टन सपाटीला कोणीपण ओढेल रे. पण डेन्व्हरच मुळात 1609 मीटरवर आहे, म्हणजे आपलं कळसूबाईचं टोक जेवढं उंच जवळपास तेवढ्यावर इथलं गाव चालू होतं, आणि उन्हाळ्यातले चांगले बाजार पलीकडं डोंगरात भरतात. तिकडं जायला आयझेनहॉवर बोगदा लागतो तो 3400 मीटरवर. साध्या पेट्रोल इंजिनला तिथं हवाच पुरत नाही, तीसेक टक्के ताकद अशीच जाते, टर्बो डिझेलमध्ये हवा दाबून भरतात, म्हणून ते बरंच टिकून राहतं. उतार 6-7 टक्क्यांचे, कडेला ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ करून ठेवलेत ते बघूनच पोटात गोळा येतो. खंबाटकीत तू एक्झॉस्ट ब्रेकवर, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानंच गाडी आवरत, घाट उतरवायचास ना, मला तेच पाहिजे होतं. चढायचं काय, हळूहळू चढेल की.

मग तीन महिने रोज रात्री जेवण झालं की जाहिराती बघायच्या. ही म्हणायला लागली की पिकअपशीच लग्न करायचं होतंस. इथं डिझेल पिकअप म्हणजे तीन घराणी, फोर्ड, शेवरले आणि डॉज रॅम, आणि प्रत्येकात कुठल्या वर्षाचं इंजिन ते बघावं लागतं. फोर्डचं जुनं 7.3 लिटरचं इंजिन दणकट, पण ते 2003 ला बंद झालं, त्यानंतरच्या 6.0 चं हेड गॅस्केट आणि ऑइल कूलरचं दुखणं सगळ्यांना पाठ आहे. शेवरलेचं 2006-07 चं ड्युरामॅक्स इंजिन आणि त्याचा अ‍ॅलिसन गिअरबॉक्स एक नंबर, पण भाव ऐकून फोन ठेवला. 2007 नंतरच्या गाड्यांना धुराचा फिल्टर आला, तो बदलायचा म्हणजे हजारोंचं काम, काही जण काढूनच टाकतात पण ते बेकायदेशीर आहे आणि इथं डिझेलला धुराची टेस्ट असते, आपल्या पीयूसीसारखी, पण हे लोक खरंच करतात.

एक गाडी इतकी चकाचक होती की मी टोकन द्यायलाच निघालो होतो. मालकाला आदल्या दिवशी सांगितलेलं की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका, मला थंड इंजिन बघायचंय, गरम इंजिनात दोष लपतात. पोचल्यावर पहिला बॉनेटला हात लावला, गरम! म्हणतो आत्ताच दूध आणायला गेलो होतो. चाललो परत. हात लावून बघायचं तुझंच शिकवलेलं, आठवतंय का, कराडला जुना टेम्पो बघायला गेलेलो.

घेतली ती 2006 ची रॅम 2500, 5.9 लिटर, सहा सिलेंडर कमिन्स. म्हणजे तुझ्या टाटामध्ये जे 5883 सीसीचं आहे त्याच घराण्यातलं, हिचं कॉमन रेल आहे, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या सिलेंडरना जास्त दाबानं डिझेल जातं, हा मोठा फरक. 1,78,000 मैल झालेत, पावणेतीन लाख किलोमीटरच्या वर, पण या इंजिनाला एवढं काही नाही. हिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वजनाला कच्चा म्हणतात म्हणून मुद्दाम सहा गिअरची मॅन्युअल शोधली. एक्झॉस्ट ब्रेक आधीच्या मालकानं बसवलेला. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवलं, नुसतं थरथरलं, उडालं नाही, म्हणजे इंजिन आतून फार झिजलेलं नाही. खाली झोपून चासी बघितली, गाडी न्यू मेक्सिकोकडची असल्यानं गंज नाही. साडेसतरा हजार डॉलर (हे गाळ).

आणि एक, दाराच्या कडेला स्टिकर असतो, माणसं अधिक सामान किती ते लिहिलेलं, ते कोणी बघत नाही, सगळे इंजिनाच्याच गप्पा मारतात. हिचं दोन हजार पौंडांच्या आसपास आहे. डिझेल इंजिनच पाचशे किलोचं, त्यामुळं तिथंच मार बसतो. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या मागच्या जोडणीच्या हुकवर पडायला पाहिजे, कमी पडला तर ट्रेलर मागं डुलायला लागतो, म्हणजे माझे नऊशे पौंड तिथंच गेले, वर आम्ही तिघं आणि गॅसचे सिलेंडर. बसतंय, पण मोजून. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक आहेत, त्यांचा कंट्रोलर केबिनमध्ये लावलाय. आपल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या आठवल्या की आता अंगावर काटा येतो, तू हसशील.

सकाळी थंडीत स्टार्ट केली की मिनिटभर बारीक टिकटिक येते, मग जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्डिंग टाकलंय, हेडफोन लावून ऐक आणि सांग झडपांचे टॅपेट वाजतायत का डिझेल फवारणारा इंजेक्टर. इंजेक्टर असेल तर आत्ताच कळव, पहिला बाजार जूनमध्ये आहे.

तुझा,
बाळू