बेळगावात घर शोधताना आधी शाळा, मग खाता, दर सगळ्यात शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी लागली की चंदगड, गडहिंग्लज, निपाणी, खानापूर, कोल्हापूर या भागांतून बरीच कुटुंबे बेळगावला बिऱ्हाड हलवतात. कुणाची बदली होते, कुणाला उद्यमबाग किंवा होनग्याच्या कारखान्यात काम मिळते, कुणी फक्त मुलांच्या शिक्षणासाठी येतो. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत जागांच्या जाहिराती वाढतात आणि बहुतेकींत ‘चन्नम्मा सर्कलपासून इतक्या मिनिटांवर’ एवढेच ठळक छापलेले असते. ज्याला रोज मच्छेला कामावर जायचे आहे, त्याचा चन्नम्मा सर्कलशी काय संबंध? उपनगर निवडताना लोक दरापासून सुरुवात करतात आणि शाळेचा विचार सर्वांत शेवटी करतात. सीमाभागात हा क्रम महागात पडतो, म्हणून हे पत्र.

शाळेच्या बाबतीत पहिला घोळ होतो तो वेळापत्रकाचा. कर्नाटकात शाळा मे अखेरीस किंवा जूनच्या आरंभी उघडतात, महाराष्ट्रात साधारण जूनच्या मध्याला. कोल्हापूरच्या हिशेबाने दाखला काढायला गेलेले पालक इथे पोहोचतात तोवर वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झालेले असतात. दुसऱ्या राज्यातला शाळा सोडल्याचा दाखला गटशिक्षण अधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीसह आणावा, म्हणजे हेलपाटे वाचतात. प्रवेश मिळाल्यावर मुलाचा कर्नाटकातील विद्यार्थी नोंदणीचा सॅट्स क्रमांक तयार झाला का, हेही शाळेत जाऊन विचारावे. तो नसेल तर पुढे दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना अडचण येते.

माध्यमाचा प्रश्न याहून मोठा आहे. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत दहावीपर्यंत कन्नड हा विषय सक्तीचा झाला. मराठी किंवा इंग्रजी माध्यम घेतले तरी कन्नड शिकावेच लागते. दुसरी-तिसरीतले मूल ते सहज उचलते. आठवीत आलेल्या मुलाला मात्र अक्षरओळखीपासून सुरुवात करून तीन वर्षांत दहावीपर्यंत पोहोचायचे असते. त्याच्यासाठी घराजवळ कन्नडची शिकवणी मिळेल अशीच वस्ती निवडावी. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळी, सांबरा या गावांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहेत, पण ‘सातवीनंतर काय?’ हा प्रश्न घर ठरवण्याआधीच विचारायला हवा. माध्यमिकसाठी मूल शहरात जाणार असेल तर शाळा सुटण्याच्या वेळेला परतीची बस आहे का, हे त्या थांब्यावर उभे राहून बघावे. शनिवारची शाळा सकाळची असते, त्या दिवसाची बस वेगळी पाहावी.

त्याही पुढचे एक गणित फार थोड्यांना माहीत असते. कर्नाटकच्या सीईटीतून व्यावसायिक प्रवेश घ्यायचा तर सर्वसाधारण अट अशी की पहिली ते बारावी यांतली किमान ७ वर्षे शिक्षण कर्नाटकात झालेले हवे आणि दहावी किंवा बारावी कर्नाटकातून उत्तीर्ण हवी. म्हणजे मूल सहावीत आले तर सहावी ते बारावी अशी ७ वर्षे बरोबर भरतात. सातवीत आले तर एक वर्ष कमी पडते आणि पात्रतेच्या दुसऱ्या एखाद्या कलमात बसते का, ते शोधावे लागते. उलट बाजूने, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत सीमाभागाची स्वतंत्र तरतूद आहे. तिथे सीमाभागातल्या संस्थेतून दहावी किंवा बारावी, त्या भागातला रहिवास आणि मातृभाषा मराठी हे सिद्ध करावे लागते. शिनोळीला राहायचे की सुळग्याला, यात अंतर काही किलोमीटरचेच आहे. पण शिनोळी चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात, सुळगा कर्नाटकात. त्या थोड्या अंतराने मुलाची वाट बदलते. घर घेणाऱ्याने हे कागदावर मांडून मगच पुढे जावे.

आता खाता, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीचा उतारा. बेळगावच्या आसपास सर्वांत जास्त पैसा बुडतो तो इथे. ग्रामपंचायत हद्दीतील जागेचा ई-स्वत्तूचा (संगणकीय मालमत्ता नोंदीचा) कागद मागा आणि वरचा नमुना क्रमांक वाचा. ‘नमुना ९’ व ‘११ अ’ म्हणजे अधिकृत मालमत्ता. ‘११ ब’ म्हणजे नोंद आहे, कर भरला जातो, पण लेआउट मंजूर नाही. तेच शहर हद्दीत ए-खाता आणि बी-खाता. ११ ब किंवा बी-खात्याची जागा स्वस्त का, याचे उत्तर बांधकाम परवाना आणि बँकेचे कर्ज मागायला गेल्यावर मिळते. कागद कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर माहितगार माणसाला सोबत घेऊन चारी बाजूंच्या चतुःसीमा, लांबी-रुंदी आणि मालमत्ता क्रमांक मूळ खरेदीपत्राशी ताडून घ्या. पूर्वेला ‘रस्ता’ लिहिलेले असते आणि जागेवर शेजाऱ्याचे कुंपण असते, असे प्रकार होतात.

बाँड पेपरवरची जागा घेऊच नये. शंभराच्या बाँडवर नोटरीसमोर सही केली म्हणजे मालकी आली, हा समज अजून जात नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदणीशिवाय पूर्ण होत नाही. शेतजमिनीचे दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे असे विकले जातात. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि ३० बाय ४० चा प्लॉट १२०० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याहून थोडाच मोठा. ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बिगरशेती झाली आहे का, बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने (बुडा) लेआउट मंजूर केला आहे का, सर्व्हे नंबरचा काही भागच विकला जात असेल तर त्या भागाच्या मोजणीचा ११-ई नकाशा आहे का, या तिन्हींची प्रत हातात आल्याशिवाय इसार देऊ नये. जागेवरचे कर्ज व व्यवहार दाखवणारे बोजा प्रमाणपत्र नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ संकेतस्थळावर मिळते. तीस वर्षांचे घ्यावे, जुन्या वर्षांसाठी उपनिबंधक कार्यालयात अर्ज करावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा ८ पेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प असेल तर रेरा (गृहप्रकल्प नियामक) नोंदणीचा क्रमांक विचारावा. कॅम्पमध्ये घर आवडले तर ती जागा कॅन्टोन्मेंटच्या नोंदवहीत भाडेपट्ट्याची आहे की जुन्या अनुदानाची (ओल्ड ग्रँट, म्हणजे जमीन सरकारचीच), हे आधी पाहावे. तिथले नियम वेगळे आहेत.

तालुक्यातील अनेक गावांचे सर्व्हे नंबर रिंग रोडच्या भूसंपादनात आले आहेत. हलगा-मच्छे बायपासवरून शेतकरी वर्षानुवर्षे झगडत आहेत. प्लॉटचा सर्व्हे नंबर या अधिसूचनांत आहे का, हे न बघता घेतलेला स्वस्त प्लॉट पुढे संपादनात जाऊ शकतो.

खर्च मांडताना प्लॉटच्या दराशी थांबू नये. कर्नाटकात ऑगस्ट २०२५ अखेरीपासून नोंदणी शुल्क १ वरून २ टक्के झाले आहे. ३० लाखांच्या प्लॉटवर शहर हद्दीत मुद्रांक दीड लाख, त्यावर उपकर व अधिभार मिळून १८ हजार आणि नोंदणी ६० हजार, असे २ लाख २८ हजार धरा. हे सरकारने ठरवलेले मार्गदर्शी मूल्य किंवा व्यवहाराची रक्कम यांत जे जास्त असेल त्यावर भरावे लागते. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जात दर लाखाला महिन्याला ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे लांबची जागा ५ लाखांनी स्वस्त असेल तर महिन्याला ४,३४० रुपये वाचतात. आता येण्याजाण्याचा हिशेब करा. रोज २४ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस म्हणजे ६२४ किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देत असेल आणि पेट्रोल लिटरला १०० रुपये धरले तर एका माणसाचे सुमारे १,४०० रुपये. घरातून दोघे निघत असतील आणि मुलाची व्हॅन लावावी लागत असेल तर ती बचत तिथेच संपते. कर्नाटकचा पत्ता असलेल्या महिलांना २०२३ च्या जूनपासून राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, त्यामुळे बसमार्गावरचे घर नोकरदार बाईसाठी प्रत्यक्षात स्वस्त पडते. भाडेकरूने मोफत विजेच्या गृहज्योती योजनेसाठी घरमालकाकडून वीजमीटरचा आर. आर. नंबर घ्यावा आणि जुन्या घराच्या मीटरशी असलेली आपली योजनेतली नोंद आधी रद्द करून घ्यावी.

दिशा कामाच्या ठिकाणाप्रमाणे धरावी. उद्यमबाग, मच्छे, व्हीटीयूसाठी (तंत्रज्ञान विद्यापीठ) अनगोळ, भाग्यनगर, मजगाव, पिरनवाडी. काकती-होनग्यासाठी महांतेशनगर, सदाशिवनगर, कंग्राळी. हलगा, सांबऱ्यासाठी रामतीर्थनगर, कणबर्गी. शिनोळीच्या कारखान्यांसाठी हिंडलगा, सुळगा, कारण तिथून सकाळचा प्रवास गर्दीच्या उलट दिशेने होतो. शहर आरपार ओलांडावे लागेल असे घर टाळावे, टिळकवाडीतले रेल्वे गेट पडले की सगळे वेळापत्रक कोलमडते. रस्ता पाहायचा तर कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता पाहावा. जागा दाखवणारे लोक बहुधा रविवारी दुपारी नेतात.

पाणी आणि माती यांचेही थोडे. शहरातल्या काही प्रभागांत २४ तास पाणी आहे, बाकी ठिकाणी काही दिवसांआड. शेजाऱ्यांना विचारून त्याप्रमाणे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची क्षमता ठरवावी. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या बाजूची काळी माती भातासाठी उत्तम, पण घराच्या पायासाठी खर्चिक. ओल-वाळ झाली की ती फुगते, आकसते आणि भिंतींना तडे जातात. हिंडलगा-उचगावकडे लाल माती व जांभा, तिथे पाया सोपा, मात्र पाऊस बराच जास्त. बळ्ळारी नाल्याकाठची जागा जुलै-ऑगस्टमध्ये बघितल्याशिवाय घेऊ नये.

आपल्याकडे एक विनंती आहे. जागेच्या जाहिराती स्वीकारताना सर्व्हे नंबर, खात्याचा नमुना आणि लागू असेल तिथे रेरा क्रमांक छापणे बंधनकारक करावे. तीन ओळींची जागा लागेल, आणि ११ ब ची जाहिरात कोणती हे वाचकाला इसार देण्याआधीच समजेल.

आपला,
एक वाचक
अनगोळ, बेळगाव