डबीचा दर आणि लाल चौकोनांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्षयरोगाच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून निघालेल्या डिजिटल साधनांवरचा आपला लेख वाचला. कोणते साधन रुग्णामागे कितीला पडते याचे कोष्टकही त्यात होते. माझी उभी नोकरी उत्पादनखर्च काढण्यात गेली, त्यामुळे कोष्टक दिसले की त्यात कोणता रकाना नाही ते आधी बघायची खोड आहे. इथे दोन नव्हते. एक, साधनाने इशारा दिल्यावर त्यामागे धावणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वेळेचा. दुसरा, रुग्णाच्या स्वतःच्या खिशाचा.

त्या साधनांपैकी गोळ्या ठेवायची इलेक्ट्रॉनिक डबी माझ्या धाकट्या भावाने सहा महिने वापरली. पहिले 56 डोस चार औषधांचे, नंतरचे 112 कमी औषधांचे, एकूण 168. ठरल्या वेळी डबी पिकपिक करायची. झाकण उघडले की उपचार केंद्रातल्या स्क्रीनवर त्या दिवसाचा चौकोन हिरवा, नाही उघडले तर लाल. मी सवयीने आपली वेगळी वही ठेवली होती. लाल चौकोन पडले 11. त्यातल्या 7 दिवशी गोळ्या वेळेवर गेल्या होत्या. प्रवासात डबी कशाला न्यायची म्हणून त्याने पट्टी कापून खिशात टाकली होती. उलट तीन हिरव्या दिवशी गोळ्या अर्ध्या तासात उलटून पडल्या. डबीला झाकण कळते, पोटातले कळत नाही.

प्रत्येक लाल चौकोनाला केंद्रातून एका ताईंचा फोन यायचा. म्हणजे 11 पैकी 7 फोन फुकट, असे मी वहीत लिहून टाकले होते. पण अशाच एका ‘फुकट’ फोनवर तो बोलून गेला, “गोळ्या घेतल्या हो ताई, पण तीन दिवस पोटात टिकत नाहीत.” दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यकृताची तपासणी करून घेतली, ती ठीक निघाली, गोळ्यांची वेळ रात्रीवर नेली आणि उलट्या थांबल्या. आता तो फोन खर्चात धरायचा की जमेत, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

प्रश्न एकट्या भावाचा नाही. अशा साधनांवर चीनमध्ये झालेल्या एका चाचणीचे 2015 साली आलेले आकडे पाहा. रुग्णांच्या उपचाराच्या ज्या महिन्यांत पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त डोस चुकले, असे महिने नेहमीच्या पद्धतीत सुमारे 30 टक्के होते. आठवण करून देणाऱ्या डबीने ते 17 टक्क्यांवर आले. नुसत्या मोबाइल संदेशांनी मात्र 27 वरच राहिले. इथवर डबी जिंकली. पण त्याच देशात पुढे रुग्णांचा 18 महिने पाठपुरावा करणारी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2023 साली आले, आणि आजार उलटणे वगैरे वाईट परिणाम डबीमुळे कमी झाल्याचे तिच्यात दिसले नाही. डोस सुधारले म्हणजे रुग्ण सुधारला असे धरून ‘वाचलेल्या पैशां’चे गणित मांडणाऱ्यांनी या दोन चाचण्या शेजारी शेजारी ठेवाव्यात.

स्वस्त हा शब्द तर कशाच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय वापरूच नये. इंग्लंडमध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फोनवर गोळी घेतानाचा व्हिडिओ पाठवणे आणि माणसासमोर गोळी घेणे यांची तुलना होती. रुग्णांत बेघर, व्यसनी, तुरुंगवास भोगलेले असे बरेच जण. पहिल्या दोन महिन्यांत ठरलेल्यांपैकी किमान 80 टक्के डोसांची नोंद झालेले रुग्ण व्हिडिओच्या गटात 70 टक्के, समोरासमोरच्या गटात 31 टक्के. सहा महिन्यांचा खर्च व्हिडिओने सुमारे 1,645 पौंड, आठवड्यातून पाच वेळा समोर घेण्याने 5,700. इथे बचत उघड आहे, कारण मुळात माणसाची रोजची खेप वाचते. जिथे महिन्याच्या गोळ्या हातात देऊन रुग्णाला घरी पाठवतात, तिथे तोच व्हिडिओ निव्वळ वाढीव खर्च.

राहिला रुग्णाचा खिसा. जागतिक आरोग्य संघटना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या 20 टक्क्यांवर खर्च गेला की त्याला ‘विनाशकारी’ म्हणते, आणि क्षयरोगाने ग्रासलेली जवळपास निम्मी कुटुंबे त्या रेषेपलीकडे जातात. औषध बहुतेक ठिकाणी मोफत असते. बुडतो तो रोजगार, आणि जाण्यायेण्याचे भाडे. एखाद्या साधनाने बरे होण्याचे प्रमाण तसूभर वाढवले नाही, पण सहा महिन्यांतल्या चाळीस खेपा वाचवल्या, तरी मी ते घेण्याच्या बाजूने मत देईन. फक्त तो रकाना कोष्टकात दिसू द्या.

आणि ताईंचा रकानाही. शेवटच्या महिन्यात मी त्यांना सहज विचारले, रोज असे किती लाल चौकोन बघता? त्या म्हणाल्या, “सकाळी मोजते. दुपारनंतर मोजणं सोडते.”

आपला,
एक निवृत्त कॉस्ट अकाउंटंट
(भावाच्या नोकरीचा प्रश्न असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)