मल्लखांब वर्गाचे शुल्क परत मिळण्याबाबत तक्रार

दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : शालेय उपक्रमांतर्गत मल्लखांब वर्गातील २२ तासिका न झाल्याबद्दल ६,६०० रुपये परत मिळणे व खांबाजवळील सुरक्षेबाबत.

महोदय,

घोडबंदर रस्त्यावरील ज्या शाळेत माझी मुलगी इयत्ता तिसरीत शिकते, तेथे शाळा सुटल्यावर आपली कंपनी जे उपक्रम चालवते, त्यांपैकी मल्लखांबासाठी मी जूनमध्ये ३६ तासिकांचे १०,८०० रुपये एकरकमी भरले. दर मंगळवारी व गुरुवारी भरणारा हा वर्ग १ जुलैला सुरू होऊन २० नोव्हेंबरला संपला. या मुदतीत मल्लखांब शिकवला गेला तो केवळ १४ तासिकांत. नऊ तासिका आयत्या वेळी रद्द झाल्या आणि ऑगस्टअखेर प्रशिक्षक सोडून गेल्यानंतरच्या १३ तासिकांत मुलांकडून गाण्यांवर नाच बसवून घेण्यात आला.

पहिल्या दोन महिन्यांत जे शिकवले गेले त्याबद्दल माझी तक्रार नाही, हे मुद्दाम नमूद करते. ते प्रशिक्षक मुलांना आधी खांबाला नमस्कार करायला लावत आणि पायांची पकड कशी बसवायची हे एकेकाला धरून दाखवत. मुलगी घरी येई तेव्हा तिच्या तळहातांना खांबाला लावलेल्या एरंडेलाचा वास असे आणि पोटऱ्यांवर घासल्याच्या लालसर खुणा असत. त्या ती आजीला मोठ्या अभिमानाने दाखवी. ऑगस्ट संपता संपता तिला साधी अढी, म्हणजे खांबाला घालायची पायांची पकड, जमू लागली होती. सप्टेंबरपासून तो वासही गेला आणि त्या खुणाही गेल्या.

याविषयी मी ऑक्टोबरमध्ये पाठवलेल्या ईमेलला आपल्याकडून असे उत्तर आले की, नृत्य हा ‘समतुल्य उपक्रम’ आहे आणि एकदा भरलेले शुल्क परत मिळत नाही. नृत्याला मी कमी लेखत नाही. परंतु आपल्याच माहितीपत्रकात मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणाऱ्या बाळंभटदादा देवधरांचे नाव घेऊन मल्लखांबाची थोरवी सांगितली होती आणि तीच वाचून आम्ही हा वर्ग निवडला. अढी पक्की झाल्याशिवाय पुढचे प्रकार शिकता येत नाहीत, आणि आठ वर्षांच्या मुलीचा सराव अडीच महिने तुटला की कमावलेली पकडही सुटते. मग हे दोन उपक्रम समतुल्य कसे?

तासिका रद्द झाल्याचा निरोप बहुतेक वेळा शाळा सुटायला जेमतेम अर्धा तास उरला असताना येई. वर्गाच्या दिवशी शाळेच्या बसमध्ये तिचे नाव नसल्याने मला वागळे इस्टेटमधील कार्यालयातून तडक निघावे लागे, आणि मानपाड्याच्या कोंडीतून मी पोहोचेपर्यंत ती दप्तर मांडीवर घेऊन फाटकाशी बसलेली असे. एका पावसाळी गुरुवारी तर ‘पावसामुळे’ म्हणून वर्ग रद्द केला गेला, जेव्हा खांब शाळेच्या सभागृहात, छपराखाली आहे.

याहून गंभीर बाब अशी की, प्रशिक्षक गेल्यावर खांबाभोवतीच्या गाद्या उचलून सामानाच्या खोलीत ठेवण्यात आल्या, खांब मात्र तसाच उभा राहिला. ६ नोव्हेंबरला मी न्यायला गेले तेव्हा दुसरीतला एक मुलगा त्यावर निम्म्यापर्यंत चढलेला होता, खाली उघडी फरशी होती, आणि आपल्या प्रतिनिधी ध्वनिक्षेपकाची वायर जोडण्यात गुंतल्या होत्या. त्याला मीच खाली उतरवले. पैशांचा प्रश्न नंतर सुटला तरी चालेल. हा आजच सुटायला हवा. जाणकार प्रशिक्षक आणि गाद्या असल्याखेरीज तो खांब कोणाही मुलाच्या हाती लागणार नाही, अशी व्यवस्था तातडीने करून तसे मला व शाळेला लेखी कळवावे.

शुल्काविषयी सांगायचे तर, प्रत्येक तासिकेचे ३०० रुपये याप्रमाणे न झालेल्या २२ तासिकांचे ६,६०० रुपये मला परत मिळावेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार, पावतीवर वेगळी मुदत नसल्यास सदोष सेवेचे पैसे ३० दिवसांत परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आपल्या पावतीवर अशी कोणतीही मुदत छापलेली नाही. त्या अवधीत रक्कम न मिळाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

शुल्काची पावती, माहितीपत्रक, तासिका रद्द झाल्याचे नऊ संदेश आणि आपल्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
एक पालक
कासारवडवली, ठाणे (पश्चिम)